चौदा ठिकाणांची मुंबई आणि वाट्याला आलेला समुद्र

जळगावहून रात्री निघायचे, दुसरा दिवस मुंबईत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घरी परतायचे, अशा ‘मुंबई दर्शन’ सहली आता आपल्या खान्देशात बऱ्याच झाल्या आहेत. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे अशा सगळ्याच गावांत त्यांचे फलक दिसतात आणि शाळांना सुट्ट्या लागण्याच्या सुमारास त्यांची रंगीत पत्रके व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. अशाच एका सहलीत आमच्या कॉलनीतील मंडळी यंदाच्या हिवाळ्यात जाऊन आली. त्यांत शाळकरी मुले होती, निवृत्त शिक्षक होते आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशा दोन-तीन आज्याही होत्या. सहल नेणाऱ्यांचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते कमी-अधिक प्रमाणात अशा बहुतेक सहलींत आढळतात आणि एकट्यादुकट्याला धारेवर धरण्यात अर्थ नाही. थोडक्यात मत सांगायचे तर बस उत्तम, माणसे अदबीची, जेवण बेताचे आणि दिवसाची आखणी मात्र सदोष होती.

माणशी भाडे दोन हजारांच्या आत होते. त्यात जाण्यायेण्याचा प्रवास, सकाळची आंघोळ, चहा-नाश्ता आणि दुपारचे जेवण धरलेले होते. प्रवेशाची तिकिटे ज्याची त्याने काढायची होती. पत्रकावर चौदा ठिकाणे छापलेली होती : सिद्धिविनायक, चैत्यभूमी, वांद्रे-वरळी सागरी सेतू, नटनट्यांचे बंगले, हाजी अली, महालक्ष्मी, राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एवढ्या भाड्यात एवढी ठिकाणे म्हटल्यावर कोणालाही सौदा स्वस्तच वाटतो. यांपैकी निम्मी ठिकाणे खिडकीतून ‘दाखवली’ जातात, हे बसमध्ये बसल्यावर कळते.

प्रवासाबद्दल तक्रार नाही. बस स्वच्छ होती, आसने पुरेशी मागे झुकत होती, आणि धुळे, मालेगाव, नाशिक करत कसारा घाट उतरेपर्यंत चालकाने एकदाही घाई केली नाही. नाशिकच्या अलीकडे ज्या ढाब्यावर बस थांबली तेथील स्वच्छतागृहे महिलांना वापरता येण्याजोगी होती. रात्रीच्या प्रवासात ही गोष्ट किती मोलाची असते, हे घरातील बायकांना विचारावे. सकाळी दादरला एका सभागृहात आंघोळीची सोय केली होती. गरम पाणी होते, पुरुषांची व बायकांची व्यवस्था वेगवेगळ्या मजल्यांवर होती आणि कोणाचीही खोळंबा झाल्याची तक्रार आली नाही. हा भाग त्यांनी खरोखर मनापासून सांभाळला आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तरीही रेल्वे सोडून बसने येण्यात एक मोठा तोटा आहे, तो ठाण्याच्या पुढे लक्षात येतो. सकाळच्या वेळी मुंबईत शिरणारा प्रत्येक रस्ता दक्षिणेकडे जाणाऱ्या वाहनांनी भरलेला असतो आणि संध्याकाळी तोच ओघ उलट फिरतो. सहलीची बस सकाळी त्या गर्दीबरोबर आत येते आणि संध्याकाळी त्याच गर्दीबरोबर बाहेर पडते, म्हणजे दोन्ही वेळा चुकीच्या दिशेने. जळगाव ते मुंबई हे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर आहे. परंतु त्यातील शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर ज्या गतीने कापले जातात ते पाहता, दिवसातील दोन-अडीच तास त्यातच जातात. एका दिवसाच्या सहलीत अडीच तास म्हणजे एक अख्खे वस्तुसंग्रहालय.

आता आखणीविषयी. आमची सहल बुधवारी होती. या कंपनीच्या ठरलेल्या सहली रविवारी असतात, पण पुरेशी माणसे जमली तर आडवारीही बस सोडतात आणि आमच्यासाठी तशीच सोडली होती. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. हे काही गुपित नव्हे. मुंबईतील कोणत्याही शाळकरी मुलाला ते माहीत असते. मुलांना २०१७ पासून तेथे पाहायला मिळणारे पेंग्विन पाहायचे होते आणि निघण्यापूर्वी आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. बस भायखळ्याकडे वळलीच नाही, तेव्हा विचारल्यावर ‘आज बंद आहे’ असे उत्तर मिळाले. बुधवारचे आरक्षण घेताना हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. मत्स्यालयाची गोष्ट तर याहून पुढची आहे. १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय करोनाच्या काळापासून बंद आहे. तरीही पत्रकात त्याचे नाव आणि शेजारी माशाचे चित्र अजून छापलेले आहे. मरीन ड्राइव्हवरून जाताना मार्गदर्शकाने उजव्या-डाव्या हाताने बऱ्याच इमारती दाखवल्या, ही मात्र दाखवली नाही.

वारांचा हा हिशेब एकदा मांडून ठेवण्यासारखा आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, वरळीचे नेहरू तारांगणही सोमवारी बंद असते. राणीच्या बागेला बुधवार वर्ज्य. सिद्धिविनायकाला मंगळवारी इतकी गर्दी लोटते की दर्शनाची रांग निम्मी सकाळ खाऊन टाकते. रविवारी फोर्ट भागातील कचेऱ्या बंद असल्याने रस्ते मोकळे मिळतात, पण लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि संध्याकाळी चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. मग उरतात गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. सवड असेल तर यांतलाच एक दिवस धरावा.

वारापेक्षाही महत्त्वाची गोष्ट तिथीची आहे, आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ती ध्यानातच येत नाही. आपण नदीकाठची माणसे. पाणी वाढते ते पावसाने आणि उतरते ते उन्हाळ्याने, एवढेच आपल्याला ठाऊक. समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि त्याची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातील लोकांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती समजावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. म्हणून भर दुपारी भरती आणि सकाळ-संध्याकाळ ओहोटी. याशिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि तितकेच लांब ओसरते. अष्टमीच्या आसपासची भरती, जिला भांगाची भरती म्हणतात, ती बेताची असते. मिनिटाच्या अचूकतेसाठी छापील वेळापत्रके आहेतच, परंतु सहलीचा दिवस ठरवायला घरातील भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आमचा दिवस वद्य द्वितीयेचा होता. दोनाची पाऊणपट दीड. बस हाजी अलीला पोचली ती दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे उधाणाची भरती जवळजवळ पूर्ण झालेली असताना. दर्ग्यापर्यंत समुद्रातून जाणारी वाट पाण्याखाली होती आणि दोन्ही बाजूंनी लाटा एकमेकींवर आदळत होत्या. दृश्य देखणे होते, हे मान्य करतो, पण दर्ग्याकडे जाणे शक्य नव्हते आणि मार्गदर्शकाने ‘आज पाणी जास्त आहे’ एवढे सांगून बस पुढे काढली. वास्तविक ते पाणी त्या दिवशी त्या वेळी तेथे असणार, हे महिनाभर आधीपासून ठरलेले होते. सकाळी आधी हाजी अली आणि मग सिद्धिविनायक असा क्रम नुसता उलटा केला असता तरी वाट मोकळी मिळाली असती.

याचीच दुसरी बाजू संध्याकाळी दिसली. दिवसभर मुले जे मागत होती ते अखेर गिरगाव चौपाटीवर मिळणार होते. आम्ही उतरलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता आणि ओहोटी पुरती व्हायच्या बेतात होती. पाणी इतके आत गेलेले की, वाळू ओलांडून तेथपर्यंत चालतच जावे लागले. मार्गदर्शकाने चाळीस मिनिटे दिली होती. त्यातील बराच वेळ जाण्यायेण्यात गेला. आमच्यातील एका आजींचे माहेर शहाद्याकडचे. प्रकाशाला तापीच्या काठावर त्यांचे लहानपण गेलेले, आणि नदीपाशी रिकाम्या हाताने जायचे नाही हा त्यांचा नेम. त्यांनी ओच्यातून हळदकुंकवाची पुडी काढली, ओल्या वाळूवर चिमूट-चिमूट वाहिली, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावले आणि मग ओठांना लागताच तोंड एवढेसे केले. खारट पाण्याबद्दल आयुष्यभर ऐकलेले असले तरी ते एवढे खारट असेल असे त्यांना वाटले नव्हते. मग नातवाकडे वळून त्यांनी विचारले, “आपली तापीमाय आठेच येस का रे?” नातवाने मार्गदर्शकाकडे पाहिले. मार्गदर्शकाने घड्याळाकडे पाहिले.

प्रश्न अगदी रास्त होता. बैतूल जिल्ह्यातील मुलताईला उगम पावलेली तापी सगळा खान्देश आडवा ओलांडून सुरतेच्या पुढे खंभातच्या आखातात मिळते; मुंबईला नव्हे. खान्देशातील माणसांना मुंबई दाखवणाऱ्याने एवढे सांगता येण्याइतकी तयारी ठेवावी, ही अपेक्षा काही अवाजवी नाही.

मार्गदर्शक तरुण होता, बोलायला गोड होता, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवत होता. पण त्याची माहिती वांद्र्यातील बंगल्यांपाशी सुरू होऊन तेथेच संपत होती. कोणत्या नटाचा कोणता मजला हे त्याला तोंडपाठ होते. गेटवे ऑफ इंडियापाशी त्याने सांगितले की, इंग्लंडचा राजा या दरवाजातून आत आला. १९११ च्या डिसेंबरात राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईला उतरले तेव्हा तेथे ही कमान नव्हतीच. त्यांच्या स्वागताला पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली पिवळसर बेसाल्टची कमान पुरी होऊन खुली झाली ती १९२४ मध्ये. आणि या दरवाजाची खरी गोष्ट आत येण्याची नसून बाहेर जाण्याची आहे : २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. मुलांना राजाच्या आगमनापेक्षा ही गोष्ट अधिक आवडली असती.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बसमधून दाखवला तेव्हाही ‘हे मोठे घड्याळ’ एवढ्यावर भागले. त्या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला, आणि त्यांनी तो पैसा मिळवला कापसाच्या व्यापारात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईच्या पेढ्यांवर पैशाचा पाऊस पडला. मुंबई इलाख्यात कापसासाठी ज्या प्रदेशांची नावे घेतली जात त्यांत खान्देश होताच, आणि मुंबईहून निघालेला लोहमार्ग त्याच दशकात भुसावळपर्यंत आला. ज्याच्या घरी आजही कपाशी वेचली जाते अशा माणसाला त्या मनोऱ्यापुढे उभे करून एवढे सांगितले, तर तो बसमधून उतरून दोन क्षण वर पाहील. यात जादा खर्च काहीच नाही.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, श्रीखंडाची एक वाटी; सगळे ताजे आणि सगळेच आपल्या जिभेला मिळमिळीत. सोबत आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा यांवर मंडळींनी वेळ निभावली. मुलांना दादरचा वडापाव हवा होता, तो शेवटी आम्हीच उतरून आणला. सकाळचा नाश्ता दादरला आणि दुपारचे जेवणही दादरलाच, अशी व्यवस्था असल्याने दक्षिण मुंबईच्या वाटेवर असलेली बस जेवणासाठी पुन्हा मागे फिरवावी लागली, हा दोष मात्र नोंदवायला हवा.

सगळ्यांत खटकलेली गोष्ट खरेदीची. दुपारनंतर बस एका ठरलेल्या दुकानापुढे उभी राहिली आणि तेथे एक तास गेला. पत्रकात या थांब्याचा उल्लेख नव्हता. चादरी, पर्स, खेळणी, सगळेच जळगावच्या फुले मार्केटमध्ये मिळते आणि तेथे घासाघीसही करता येते. दुकानाला एक तास आणि समुद्राला चाळीस मिनिटे, हे प्रमाण पाहिल्यावर सहल कोणासाठी काढली आहे असा प्रश्न पडतो.

हीच सहल स्वतः आखायची झाल्यास मी ती रेल्वेने आखेन. अमरावती एक्सप्रेस रात्री अकराच्या सुमारास जळगावला येते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. धुळ्याच्या मंडळींना चाळीसगाव गाठून रात्रीची गाडी धरता येते. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ते लवकर भरते, एवढे ध्यानात ठेवावे. या मार्गाचा मोठा फायदा असा की, आपण ज्या जागी उतरतो तेच पाहण्याचे पहिले ठिकाण असते. स्थानकातील पैसे देऊन वापरायच्या प्रतीक्षालयात आंघोळ आटोपावी, सामान सामानघरात ठेवावे. मात्र पिशव्यांना कुलूप असल्याशिवाय तेथे सामान घेत नाहीत, म्हणून दोरीने तोंड बांधलेली पिशवी चालणार नाही. मग रस्ता ओलांडून समोर उभे राहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. समोरची महानगरपालिकेची इमारतही त्याच माणसाची, १८९३ ची. सकाळी सातला तेथे वाहने नसतात आणि दगडावरील मोर, माकडे, वेलबुट्टी निवांत पाहता येते. दुपारी सहलीच्या बसमधून यातले काहीही दिसत नाही, कारण तेथे बस थांबवू देत नाहीत.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौक, पुढे काळा घोडा आणि मग गेटवे, हे सगळे चालत जाण्यासारखे आहे. वयस्कर मंडळींनी टॅक्सी करावी. येथे एक सूचना : आपल्याकडच्यासारखी रिक्षा या भागात मिळत नाही, दक्षिण मुंबईत रिक्षांना बंदी आहे, टॅक्सीच करावी लागते आणि ती मीटरने चालते. गेटवेपाशी आठाच्या आत पोचले तर फोटोवाल्यांची गर्दी नसते. सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडते, आणि डोक्यावर ऊन येण्याच्या वेळी आत असणे हे केव्हाही शहाणपणाचे. मुलांना मूर्ती आणि लघुचित्रांचा कंटाळा येणार असेल, तर हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रो धरून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला जावे. कुलाबा बाजूने कफ परेडपासून थेट आरेपर्यंत जाणारी ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावू लागली आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला लोकलच्या गर्दीपेक्षा ती कितीतरी सोयीची आहे. विज्ञान केंद्राकडून हाजी अली जवळ पडते. तिथी जमून आली असेल तर दुपारची ओहोटी तेथेच साधता येते.

घारापुरीविषयी लोक नेहमी विचारतात. गेटवेहून बोटीने जायला तासभर, यायला तासभर, बेटावर शंभराहून अधिक पायऱ्या आणि लेणी पाहायला दीड-दोन तास, म्हणजे निम्मा दिवस त्यालाच द्यावा लागतो. तीन मुखांची ती सुमारे वीस फुटी शिवमूर्ती पाहण्यासाठी निम्मा दिवस देणे मला अजिबात महाग वाटत नाही. शिवाय ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याच्यासाठी बोटीचा प्रवास हेच मोठे दर्शन असते. मात्र मग बाकीच्या मुंबईवर पाणी सोडावे. डिसेंबर २०२४ मधील बोट-अपघातानंतर जीवरक्षक जाकिटाचा आग्रह वाढला आहे. ते उकाड्यामुळे अंगावेगळे करण्याचा मोह मुलांनाही होतो आणि मोठ्यांनाही, तो टाळावा. गुडघे दुखणाऱ्यांनी घारापुरीच्या फंदात पडू नये.

दुपारचे चार वाजले की बाकी सगळे सोडून समुद्राकडे यावे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला विद्यापीठ, उच्च न्यायालय यांच्या टोकदार कमानींच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती, अशा समोरासमोर पाहत चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला पोचता येते. दोन्ही प्रकारच्या इमारतींचा हा समूह २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला तिकीट नाही, रांग नाही आणि मार्गदर्शकाची शिट्टीही नाही. सप्तमी ते नवमीच्या दरम्यान आलात तर सूर्य मावळताना पाणी कठड्याला लागलेले असते. पौर्णिमेच्या सुमारास आलात तर ते लांब असते आणि मग गिरगाव चौपाटीची वाळू पायाखाली अधिक मिळते. कोणाला काय हवे ते त्याने ठरवावे. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मे महिन्यात तो सातच्याही पुढे जातो. परतीची अमरावती एक्सप्रेस रात्री आठच्या सुमारास सुटते, त्यामुळे उन्हाळ्यात सूर्यास्त पाहून गाडी गाठणे जिकिरीचे होते. एका दिवसाची मुंबई ही हिवाळ्यातच करावी. चौपाटीहून टर्मिनसकडे जाताना संध्याकाळच्या गर्दीची दिशा बहुतांशी आपल्या उलट असते, हाही रेल्वेने येण्याचा एक लाभ.

रेल्वेच्या बेतात एकच खरी अडचण आहे : परतीची गाडी जळगावला मध्यरात्रीनंतर, दोन-अडीचच्या सुमारास येते. लहान मुले आणि झोपाळू माणसे घेऊन त्या वेळी उतरायचे आणि रिक्षा शोधायची, हे सगळ्यांना झेपत नाही. सहलीची बस कॉलनीच्या तोंडाशी सकाळी सोडते. ज्यांच्या घरी गजर लावून उठवणारे कोणी नाही त्यांच्यासाठी ती सोय मोठी आहे. म्हणूनच केवळ वयस्कर माणसांचा गट असेल, आंघोळ-जेवणाची जबाबदारी कोणी घेणारा नसेल आणि सिद्धिविनायक-महालक्ष्मीचे दर्शन हाच मुख्य हेतू असेल, तर ही सहल घ्यायला हरकत नाही. मात्र आरक्षणापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : कोणत्या ठिकाणी बसमधून उतरवणार आणि कोणते खिडकीतून दाखवणार, त्या वारी काय बंद आहे, आणि चौपाटीवर किती वेळ थांबणार.

परतल्यावर या सगळ्या गोष्टी मी सहल नेणाऱ्यांना फोन करून सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. मत्स्यालय पत्रकातून काढू, आडवारी सहल असेल तेव्हा बंद ठिकाणे आधी कळवू, हे त्यांनी लगेच मान्य केले. तिथी पाहून हाजी अलीची वेळ ठरवण्याची कल्पना त्यांना नवी होती. त्यांनी पाऊणपटीचा हिशेब दोनदा विचारून लिहून घेतला. दुकानाचा थांबा मात्र काढता येणार नाही म्हणाले, कारण तेथून मिळणाऱ्या पैशावरच भाडे एवढे कमी ठेवता येते. माणशी दोनशे रुपये वाढवा, पण तो तास चौपाटीला द्या, असे मी सुचवले आहे. कॉलनीतील उरलेली मंडळी उन्हाळ्यापूर्वी जाण्याच्या विचारात आहेत. नवे पत्रक हाती आले की ते वाचून त्यांची नावे नोंदवायची की साठ दिवस आधी रेल्वेची तिकिटे काढायची, ते ठरेल.